एल्डन विटबेकचं सहावं पान

एल्डन विटबेकला किती वाजले असं विचारलं, की तो आधी मनगटाकडे बघतो, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो आणि मग अपराधी चेहरा करून सांगतो, “दहा वाजून चौदा. एक मिनिट इकडे किंवा तिकडे.” विचारणाऱ्याची बस तोवर गेलेली असते.

त्याच्या घरात पाच थर्मामीटर आहेत आणि पाचही वेगवेगळं तापमान सांगतात. याचं त्याला जराही दुःख नाही. एकच असता तर तो चुकतोय हे कळलंच नसतं, असं तो म्हणतो. स्वयंपाकघरातल्या मापाच्या कपांवर त्याने बारीक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: ‘तीन टक्के कमी भरतो. तपासला: मार्च.’ त्याची बायको रोझान शाळेची पिवळी बस चालवते. पन्नास पोरांना ती आरशातून नुसतं बघून गप्प करते, पण या चिठ्ठ्यांपुढे तिनेही हात टेकले.

“लग्नाआधी मी याला विचारलं होतं, माझ्यावर प्रेम आहे का,” ती पाहुण्यांना सांगते. “हा म्हणाला, आहे, आणि मोजण्यात माझी जी काही चूक होत असेल, तिच्याहून ते बरंच मोठं आहे. मला वाटलं, एवढं खरं उत्तर कुठल्या बाईला मिळालं असेल? तेव्हा मी तेवीस वर्षांची होते.”

“अजूनही तेवढंच आहे,” एल्डन म्हणतो.

“तेवढंच? म्हणजे पस्तीस वर्षांत वाढलं नाही?”

“वाढलं असेल. पण सुरुवातीचा आकडा तेवढा भरवशाचा नव्हता.”

एल्डनचा धंदा मोजण्याचा. तू काय बनवतोस, असं कोणी विचारलं तर तो म्हणतो, मी काही बनवत नाही, दुसऱ्यांनी बनवलंय ते बरोबर झालंय की नाही एवढं सांगतो. असा धंदा करणाऱ्याला मित्र बेताचेच असतात. आमच्या रॉचेस्टरला फिल्म बनवणारी एक मोठी कंपनी होती, तिथे त्याने बावीस वर्षं फिल्मवरच्या थरांची जाडी मोजली. मग लोकांनी फोनवर फोटो काढायला सुरुवात केली आणि कंपनीने एल्डनला केक कापून निरोप दिला. कंपनीच्या लिलावात त्याने भिंगांची दोन जड टेबलं भंगाराच्या भावात घेतली, बटणांच्या जुन्या कारखान्याचं तळघर भाड्याने घेतलं आणि ‘विटबेक प्रिसिजन’ अशी पाटी लावली. कंपनीत मालक एक आणि नोकर एक. नोकर म्हणजे वनेटा ग्रीनली. तीही त्याच फिल्म कंपनीतली, तीस वर्षं भिंगं घासलेली. भिंगाला कुठे उंचवटा राहिलाय हे तिला अंगठा फिरवून कळतं. तेच एल्डनचं यंत्र तासाभराने सांगतं. मग ती यंत्राकडे बघून म्हणते, “शाब्बास, पोहोचलास.”

या दोघांनी मिळून नऊ वर्षांत एक यंत्र उभं केलं. ते काय करतं, ते मी साध्या शब्दांत सांगतो. ठशांनी कापड छापताना लाल ठसा पिवळ्यावर जरा सरकला की पाकळी फुलाबाहेर पडते. चिपमध्ये असे साठ-सत्तर ठसे एकावर एक बसवावे लागतात, आणि तिथे ‘जरा’ म्हणजे केसाच्या जाडीचा लाखावा भाग. एवढं सरकलं तरी चिप फेकून द्यावी लागते. कुठला ठसा किती सरकला, हे एल्डनचं यंत्र सांगतं. त्याशिवाय वरच्या मजल्यावर मंगळवारी आणि गुरुवारी बायका बुटांना पत्रे ठोकून नाच शिकतात, तेही सांगतं. रोझानची बस रस्त्याच्या टोकाला वळली की पडद्यावर एक छोटी लाट उठते. वनेटा मान वर न करता म्हणते, “तुझी बायको आली.”

मी या दोघांच्या ओळखीत आलो तो माहितीपुस्तिकांमुळे. या शहरात सत्तावीस वर्षं मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितोय: हे बटण दाबा, ते दाबू नका. त्या कोणी वाचत नाही, त्यामुळे लोकांची अशी समजूत झाली की मला कल्पित लेखनही जमत असावं. मग ते माझ्याकडून सरकारी अनुदानाचे अर्ज लिहून घेऊ लागले.

त्याचं असं झालं. एके दिवशी देशाला जाग आली की आपल्या फोनपासून विमानापर्यंत सगळ्यात चिपा आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा समुद्रापलीकडून येतात. कायदा झाला, तिजोरी उघडली. बड्या कंपन्यांनी मोठमोठे वाटे उचलले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की चिपा बनवायच्या तर त्या मोजाव्याही लागतील, आणि मोजणारे लोक बहुतेक करून तळघरात असतात. म्हणून छोट्या कंपन्यांसाठी वेगळं अनुदान निघालं. ते वाटायचं काम राजधानीजवळच्या एका मोजमाप खात्याकडे आलं. खात्याचं नाव मी सांगत नाही. खातं चांगलं आहे आणि मी लिहिलेले आणखी दोन अर्ज तिथे पडून आहेत.

अर्ज पंधरा पानांचा हवा होता. तो कसा लिहावा याच्या सूचना एकशे सेहेचाळीस पानांच्या होत्या. अर्ज करण्याआधी कंपनीला एक क्रमांक घ्यायचा होता. तो मिळायला दुसरा क्रमांक लागत होता आणि दुसऱ्याच्या फॉर्मवर पहिला चौकोन होता, ‘पहिला क्रमांक लिहा’. त्यात सात आठवडे गेले. वनेटा म्हणाली, “आपण चिनी हेर असतो तर एव्हाना कंटाळून गावी गेलो असतो.”

खरी लढाई पुढे झाली, माझी आणि एल्डनची.

“हे ‘क्रांतिकारक’ काढ,” तो म्हणाला.

“अरे, सगळे लिहितात.”

“सगळेच करत असतील तर मग ती क्रांती कसली?”

“बरं, ‘अभूतपूर्व’ ठेवू?”

“पूर्वी कोणी केलं नाही हे तू तपासलंस?”

“एल्डन, ही बोलायची पद्धत असते.”

“मग बोलताना वापर. हे लिहिलेलं आहे.”

तीन दिवस झटापट करून आम्ही ‘बऱ्यापैकी’ या शब्दावर तह केला. अमेरिकन सरकारकडे आलेल्या अर्जांपैकी ‘बऱ्यापैकी अचूक’ असं लिहिलेला तो पहिलाच अर्ज असावा. पुढे प्रश्न होता, येत्या पाच वर्षांत तुमच्या उत्पादनाची बाजारपेठ किती मोठी असेल? मी लिहिलं होतं, ‘झपाट्याने विस्तारणारी जागतिक बाजारपेठ’. एल्डनने ते खोडून लिहिलं, ‘माहीत नाही. हे यंत्र लागेल असे कारखाने अकरा आहेत. पैकी चार फोन उचलतात.’

“एकाने उलट फोनही केला होता,” वनेटा म्हणाली. “चुकून लागला होता, पण माणूस बोलायला चांगला होता.”

पहिल्या टप्प्याचं अनुदान मिळालं. का मिळालं हे मला आजही कळलेलं नाही. सहा महिन्यांत कल्पना चालते एवढं दाखवायचं होतं, ते त्यांनी दाखवलं. खरा पैसा दुसऱ्या टप्प्यात होता: दोन वर्षं पुरेल आणि यंत्र तळघरातून काढून चिपांच्या कारखान्यात उभं करता येईल एवढा. अकराही कारखाने सांगत होते, दुसरा टप्पा मिळाला की या, मग बोलू.

इकडे रोझानने जेवणाच्या टेबलावर एक पत्र आणून ठेवलं. काउंटीचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे, वजनमापे निरीक्षक निवृत्त होणार होते. पेट्रोलचे पंप आणि दुकानांतले तराजू तपासायचं काम, कायमची नोकरी. एल्डनला ती देऊ केली होती आणि जूनअखेर उत्तर हवं होतं.

“नऊ वर्षं मी काही बोलले नाही,” ती म्हणाली. “दुसरा टप्पा मिळाला तर तुझं तळघर. नाही मिळाला तर तराजू. आणि मिळेल की नाही याचा अंदाज सांगू नकोस, तुझा अंदाज संपेपर्यंत सूप गार होतं.”

वनेटासाठीही हिशेब तोच होता, फक्त तिला कोणी तराजू देऊ केलेले नव्हते. साठीच्या बाईला भिंगं घासायला नव्याने कोण ठेवणार?

एप्रिलात पत्र आलं. ‘आपला अर्ज उत्कृष्ट होता. तथापि.’ त्यापुढचं कोणी वाचलं नाही.

नियमाप्रमाणे नाकारलेल्याला कारण विचारता येतं. खात्याच्या डॉ. ह्यूस्टिस नावाच्या बाईंनी फोनवर ते सांगितलं. एल्डनने फोन टेबलावर ठेवला होता, त्यामुळे आम्ही तिघांनीही ऐकलं. अर्ज तिघा परीक्षकांनी वाचले होते. एकाने विटबेक प्रिसिजनला सत्त्याण्णव गुण दिले: ‘आपल्याला काय माहीत नाही हे सांगणारा एकमेव अर्जदार.’ दुसऱ्याने नव्वद. तिसऱ्याने अठ्ठ्याहत्तर: ‘अर्जदाराला स्वतःच्या यंत्राबद्दल आत्मविश्वास दिसत नाही.’ सरासरी अठ्ठ्याऐंशी पूर्णांक तेहतीस. शेवटी निवडलेल्या कंपनीची होती अठ्ठ्याऐंशी पूर्णांक सदुसष्ट.

“म्हणजे एका गुणाच्या तिसऱ्या हिश्श्याने,” डॉ. ह्यूस्टिस म्हणाल्या. “सगळ्या कंपन्यांच्या गुणांची यादी पाठवते. मला खरंच वाईट वाटतंय, मिस्टर विटबेक.”

फोन ठेवल्यावर वनेटाने खुर्ची सरकवली आणि ती खाली बसली. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं. एल्डनचे कान मात्र लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी त्याला रागावलेला बघत होतो तो पहिल्यांदाच.

“अठ्ठ्याऐंशी पूर्णांक तेहतीस,” तो म्हणाला. “दशांशचिन्हापुढे दोन आकडे. तीन माणसांवरून.”

“एल्डन, आपल्याला मिळालं नाही,” वनेटा म्हणाली.

“ते ऐकलं मी. पण एकच अर्ज एक जण अठ्ठ्याहत्तर म्हणतो, दुसरा सत्त्याण्णव म्हणतो. म्हणजे त्यांची मोजपट्टीच एकोणीस गुणांनी हलतेय. आणि ते तिच्यावर एका गुणाचा तिसरा हिस्सा वाचतायत. मोजमाप खातं आहे ते, वनेटा. ते एका सेकंदाचे किती तुकडे करतात माहीत आहे तुला?”

“आपल्या नोकरीचे केले तेवढे असतील.”

तो पत्र लिहायला बसला. मी म्हटलं, चला, अपील करतोय, बरं झालं. तर म्हणे अपील नाही. “मला त्यांच्याकडे काही मागायचं नाही. शेजाऱ्याचं धुराडं कललेलं दिसलं तर आपण जाऊन सांगतो की नाही? त्यांचं उपकरण बिघडलंय, एवढं कळवतोय.”

आठवडाभरात पत्र तयार झालं. नऊ पानं, चार आलेख. मी ते वाचलं आणि पाचव्या पानापर्यंत येता येता उठून उभा राहिलो. तिथे त्याने आकडेमोड करून दाखवलं होतं की परीक्षकांच्या मतांत एवढी तफावत असताना आपल्यात आणि शेवटच्या निवडलेल्या कंपनीत फरक आहे, असं म्हणताच येत नाही. मला त्यातलं गणित अर्धंच कळलं, पण ते खोडता येणार नाही हे पूर्ण कळलं.

“वनेटा,” मी म्हटलं, “या पत्राला त्यांच्याकडे उत्तरच नाही. आपल्याला टप्पा मिळतोय.”

मग मी सहावं पान उलटलं.

सहाव्या पानावर लिहिलं होतं की त्याच न्यायाने विटबेक प्रिसिजन आणि तिच्या खाली असलेल्या चौदा कंपन्या यांच्यातही फरक आहे असं म्हणता येत नाही. खाली त्या गुणांचा आलेख होता, नीट रंगवलेला.

पुढचे दोन दिवस तळघरात जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोघेही बोलतात.

“हे पान काढ,” वनेटा म्हणाली.

“का?”

“का काय? तू आपल्याला दारापर्यंत नेतोस आणि मागे वळून चौदा जणांना हाक मारतोस.”

“ते दारातच आहेत. मी हाक मारली नाही तरी आहेत.”

“असू देत ना. त्यांना पत्र लिहायला हात नाहीत?”

“पाचवं पान खरं असेल तर सहावं खरं आहे. पाचवं ठेवून सहावं काढलं तर ते मोजमाप राहत नाही, वकिली होते.”

“मग हो ना वकील, एक दिवस. वकिलांना जेवायला मिळतं.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, पान काढू नकोस, नुसतं शेवटी टाक, बारीक टाइपात, सूचनांसारखं. एल्डनने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी त्याच्या थर्मामीटरवर फुंकर मारली होती.

रोझानला कळलं तेव्हा ती बस घेऊन थेट बटणांच्या कारखान्यावर आली. वनेटाने पडद्याकडे बघून सांगितलं आणि आम्ही दोघं भिंतीकडे सरकलो. रोझानने उभ्या उभ्या सहावं पान वाचलं. मग चष्मा काढून म्हणाली, “माझी एकच शंका आहे. हे असं आहे हे तुझ्याशिवाय कोणाला कळेल?”

“आकडे कळणाऱ्या कोणालाही.”

“आणि असे किती लोक असतील?”

“त्या खात्यात?” एल्डनने बराच विचार केला. “सगळेच असायला हवेत.”

“मग त्यांना कळू दे त्यांचं त्यांना.”

“पण मला आधी कळलंय, रोझान.”

ती चष्मा लावून जिना चढली. बस वळवून निघून गेली. पत्र नऊच्या नऊ पानांसकट पोस्टात पडलं.

महिनाभर काही झालं नाही. मग मेच्या तिसऱ्या शुक्रवारी डॉ. ह्यूस्टिस स्वतःच आल्या. उंच, पांढरे केस, पायात चालायचे बूट. तळघराचा जिना उतरताच त्यांनी कठड्यावर बोट टेकवून विचारलं, “वर नाच चालतो का?”

“मंगळवारी आणि गुरुवारी,” एल्डन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. आपल्या जातीचं माणूस भेटलं हे त्याने ओळखलं.

आम्ही त्यांना अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवायला नेलं. शुक्रवारी तिथे तळलेला मासा मिळतो. ताटाबाहेर लोंबणारा तो मासा, बाजूला कोबीची कोशिंबीर आणि मॅकरोनी. डॉ. ह्यूस्टिसनी अर्धा मासा संपवून मग बोलायला सुरुवात केली.

“तुमच्या पत्राची आमच्याकडे छत्तीस जणांनी प्रत काढली. कॉफीच्या मशीनवर तिसरा आलेख लावलाय. आम्ही जगाला शिकवतो की मोजमाप सांगताना त्यातली चूकही सांगा, आणि अर्ज मोजताना आम्ही स्वतःच ते विसरलो. संचालकांनी मीटिंग बोलावली. त्या मीटिंगची खोली लहान पडली, मग मोठी मिळवायला अर्ज केला.”

“मिळाली?” वनेटाने विचारलं.

“दुसऱ्या टप्प्यात.” त्यांनी काटा खाली ठेवला. “आता स्पष्ट बोलते. एका अनुदानापुरती रक्कम आमच्याकडे राखीव आहे. मिस्टर विटबेक, तुम्ही पाचव्या पानावर थांबला असतात, तर आज मी सहीचा कागद घेऊन आले असते.”



“पण तो कागद चुकीचा झाला असता,” एल्डन म्हणाला.

“हो. पण सही झाली असती.”

“आणि आता?” वनेटाने विचारलं.

“आता जागा एक आणि कंपन्या पंधरा. तुम्हीच सिद्ध केलंय की त्यांच्यात निवड करता येत नाही. आमच्या वकिलांनी चार दिवस काथ्याकूट केला. शेवटी एकच मार्ग उरला. चिठ्ठ्या टाकायच्या.”

वनेटाने एल्डनकडे पाहिलं. “पंधरात एक,” ती म्हणाली. “आधी शंभर टक्के होतं. अभिनंदन.”

एल्डनने मान हलवली आणि विचारलं, “चिठ्ठ्या कशाने काढणार? कागदाच्या असतील तर घड्या सारख्या पडत नाहीत.”

डॉ. ह्यूस्टिसनी हात पुढे करून त्याचा हात हातात घेतला. सहानुभूतीने की आनंदाने, ते मला ओळखता आलं नाही.

चिठ्ठ्या कागदाच्या नव्हत्या. खात्याच्या संख्याशास्त्रज्ञाने संगणकावर सोडत काढली आणि पंधराही कंपन्यांना ती पडद्यावर बघायला बोलावलं. आमचा क्रमांक होता नववा. सोडतीआधी त्याने संगणक कसा तपासला यावर पंचवीस मिनिटांचं व्याख्यान दिलं. पंधरा खिडक्यांमधल्या चौदा चेहऱ्यांवर मरगळ पसरत गेली. एल्डन मात्र वहीत टिपणं घेत होता. मग निकाल आला: क्रमांक चार. ओहायोतल्या दोघी बहिणी. मोजताना चिप हलू नये म्हणून ती धरायचा चिमटा बनवतात. त्या दोघी पडद्यावर एकमेकींना बिलगल्या आणि मग त्यांची खिडकी बंद झाली.

“योग्य झालं,” एल्डन म्हणाला.

“योग्य झालं ते मला माहीत आहे,” वनेटा म्हणाली. “आता मला घरी जाऊन रडायचंय. ते योग्य आहे की नाही हे मोजू नकोस.”

जूनअखेर एल्डनने काउंटीच्या पत्रावर सही केली. रोझानला आनंद व्हायला हवा होता, पण त्या आठवड्यात तिने पोरांना एकदाही दटावलं नाही, असं पोरांनीच घरी सांगितलं. तळघर रिकामं करायचं ठरलं. यंत्र विद्यापीठाच्या गोदामात जाणार होतं. गोदामात गेलेलं यंत्र परत कोणी बाहेर काढत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात काउंटीकडून आणखी एक कागद आला. वजनमापे निरीक्षकाच्या मालकीची मोजमापाची उपकरणं बनवणारी कंपनी असता कामा नये. कंपनी बंद करावी किंवा दुसऱ्याच्या नावे करावी.

एल्डनने तो कागद वनेटापुढे ठेवला. “दुसऱ्याच्या नावे असंही चालतं म्हणतात.”

“म्हणजे नुसतं नाव माझं आणि खुर्चीत तू?”

“नाही. तसं केलं तर ते खोटं होईल.”

“तेच विचारत होते.” तिने कागद दोनदा वाचला. “खुर्ची माझी. किल्ली माझी. फोनवर मी बोलणार. अर्ज मी लिहिणार, हा फक्त टाइप करेल.” हा म्हणजे मी. “आणि तू इथे येऊन फुकट काम केलंस तर चालतं का, काउंटीला विचार.”

एल्डनने विचारलं. काउंटीने अकरा दिवसांनी उत्तर दिलं की निरीक्षकाने सुट्टीच्या दिवशी कुठे झाडू मारावा याबद्दल नियमांत काही म्हटलेलं नाही.

तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार एल्डन पितळी वजनांची पेटी घेऊन गावभर फिरतो. दुकानदार त्याला बघून हॅम कापायची मशीन पुसू लागतात. पहिल्या महिन्यात त्याने एक पेट्रोलपंप, दोन मासेवाले आणि स्वतःच्या चर्चच्या केकविक्रीचा तराजू बंद पाडला. पाद्रीबुवांनी रोझानला बाजूला घेऊन विचारलं, हे थोडं सैल करता येणार नाही का? ती म्हणाली, मी पस्तीस वर्षं प्रयत्न करतेय, तुमची ओळख वर आहे, तुम्ही बघा.

तळघरात वनेटाने वर्षानुवर्षं फोन न उचलणाऱ्या सात कारखान्यांना फोन केले. “मी वनेटा ग्रीनली, मालक,” ती म्हणायची. “तुमचे थर सरकतायत, हे मला माहीत आहे. किती सरकतायत हे तुम्हाला माहीत आहे का?” आणि फोन ठेवून द्यायची. तिघांनी उलट फोन केले. त्यातल्या एकाने लेखी कळवलं की नव्या फेरीत अनुदान मिळालं तर तो यंत्र आपल्याकडे उभं करून बघेल. एल्डनला नऊ वर्षांत हे जमलं नव्हतं. तो म्हणाला, तिला मोठा आवाज आहे म्हणून. वनेटा म्हणाली, मला कमी वाक्यं आहेत म्हणून.

नवी फेरी ऑक्टोबरात निघाली. अर्ज पाठवायचा शेवटचा दिवस शनिवारी आला. मी टाइप करत होतो, वनेटा खुर्चीत बसून सांगत होती, एल्डन जिन्याखाली झाडत होता. चाळीस मोजमापांचा तक्ता आला. एकोणचाळीस सुरेख होती. एक, सप्टेंबरातल्या एका मंगळवारचं, भलतंच होतं. त्या दिवशी वर नाच नव्हता, सुट्टी होती. रोझानची बस दुरुस्तीला गेली होती. कारण सापडलं नव्हतं.

झाडू थांबला.

“वनेटा,” एल्डन म्हणाला, “त्या मंगळवारी रस्त्यावरून एखादा ट्रक गेला असेल.”

“असेल.”

“चाळीसातलं एक. वगळलं तर कोणी विचारणार नाही. आणि तो कारखानेवाला बघून बिचकेल.”

माझी बोटं टाइप करता करता थांबली. मी वळून पाहिलं, हे एल्डनच बोलतोय ना याची खात्री करायला. त्याचे कान परत लाल झाले होते.

वनेटाने चष्मा काढला. “ट्रक गेल्याची नोंद आहे?”

“नाही.”

“तू पाहिलास?”

“नाही. पण अर्ज तुझा आहे. माझा असता तर मी...”

“तुझा असता तर तू काय केलं असतंस हे अख्ख्या रॉचेस्टरला माहीत आहे. माझ्या अर्जातही तेच होईल. पलीकडच्या कोपऱ्यात कचरा आहे.”

मग ती माझ्याकडे वळली. “लिही. चाळीस मोजमापं. एक बिघडलेलं. कारण माहीत नाही, शोधतोय.”

मी लिहिलं. तिने ते वाचलं, चष्मा चढवून पुन्हा वाचलं आणि पाठवायचं बटण दाबलं. एल्डन पलीकडच्या कोपऱ्यात बराच वेळ झाडत राहिला. तिथे फारसा कचरा नव्हता.